मोटारीची खोली, माणसाची खोली

मुलांनो, 'गॅरेज' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? काळे कपडे, पाने-पकडी, उघडलेले इंजिन आणि मोटारसायकलीखाली आडवा झालेला मेकॅनिक. मराठीत काय आणि उर्दूत काय, आपण दुरुस्तीच्या दुकानालाच गॅरेज म्हणतो. पण हा शब्द मूळचा फ्रेंच भाषेतला आहे आणि त्याच्या मुळाशी 'निवाऱ्याला ठेवणे' असा अर्थ आहे. घराला लागून गाडी ठेवण्यासाठी बांधलेली खोली म्हणजेही गॅरेज. या पाठात आपण त्या खोलीविषयी बोलणार आहोत.

समजा, तुमच्या घराला अशी एक खोली आहे. आजोबांच्या काळात तिच्यात मोटार असे. पुढे मोटार विकली गेली. आता तिथे एक बंद पडलेली स्कूटर, रंगाचे रिकामे डबे, मोडका पलंग आणि शिलाई मशीन एवढेच सामान आहे. इकडे घरात माणसे वाढली आहेत. दादीजानचे गुडघे दुखतात. त्यांना जिना चढवत नाही. तुमची थोरली बहीण दहावीला आहे. तिला अभ्यासाला शांत जागा नाही. एका रात्री जेवताना अब्बू म्हणतात, "गॅरेज रिकामेच आहे. दोन दिवसांत रंग मारू, पंखा लावू. दादीजानची खोली तयार!"

हे काम दोन दिवसांत होईल का? रंग आणि पंखा एवढ्याने ती खोली माणसाला राहण्याजोगी होईल का? याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे मोजमाप, थोडे विज्ञान आणि थोडा कायदा लागेल.

प्राण्यांच्या आणि वाहनांच्या जागेत माणसांनी राहायला येणे ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे मोठ्या वाड्यांत घोड्यांसाठी पागा असे. 'पागा' हा मराठी शब्द फारसीतून आलेला आहे. लंडन शहरात श्रीमंतांच्या घरांमागे घोड्यांचे तबेले आणि बग्ग्या ठेवण्याच्या जागा होत्या. त्या गल्ल्यांना तिकडे 'म्यूज' म्हणतात. विसाव्या शतकात घोडे गेले, मोटारी आल्या. तेव्हा त्यांतल्या पुष्कळ जागांची गॅरेजे झाली, पुष्कळ जागांची घरे झाली. आज त्याच तबेल्यांत माणसे मोठ्या किमती मोजून राहतात. म्हणजे असा बदल होऊ शकतो. पण तो कसा करायचा, ते आधी समजून घेतले पाहिजे.

गॅरेज म्हणजे नेमके काय, हे आपल्या देशाच्या एका कायद्यात सांगितले आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, ज्याला लोक 'रेरा' म्हणतात, गॅरेजची व्याख्या आहे. वाहन ठेवण्यासाठी असलेली, वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा म्हणजे गॅरेज. ही व्याख्या लक्षात ठेवा. तीन भिंती आणि एक छप्पर. चौथ्या बाजूचे नाव नाही, खिडकीचे नाव नाही. मोटारीला खिडकी लागत नाही. तिला श्वास घ्यायचा नसतो, तिचे गुडघे दुखत नाहीत, ओलसर जमिनीवर उभी राहिली तरी तिला खोकला होत नाही.

आता एक मोजपट्टी घ्या आणि माझ्याबरोबर गॅरेजमध्ये चला.

आपल्या देशात इमारती कशा बांधाव्यात याविषयी 'राष्ट्रीय इमारत संहिता' नावाचा ग्रंथ आहे. भारतीय मानक ब्यूरो तो प्रसिद्ध करते. त्याची २०१६ ची आवृत्ती मोठी आहे. पण आपल्याला त्यातले चारच आकडे पुरे आहेत. राहत्या घराचे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर उंच असावे. जोते म्हणजे घराचा तो भाग, ज्यावर भिंती आणि फरशी उभी असते; उर्दूत आपण त्याला 'कुर्सी' म्हणतो. गॅरेजचे जोते मात्र १५ सेंटिमीटर उंच असले तरी चालते, कारण मोटारीला पायऱ्या चढता येत नाहीत. तसेच राहत्या खोलीची उंची, म्हणजे फरशीपासून छतापर्यंतचे अंतर, निदान २.७५ मीटर असावे. गॅरेजला २.४ मीटर पुरते.

आता गणित करा. दादीजानची फरशी बाकीच्या घराच्या बरोबरीला आणायची, तर ती ३० सेंटिमीटर उचलावी लागेल. छत आहे तिथेच राहिले, तर उंची किती उरली? २.४ मीटरमधून ०.३ मीटर गेले, राहिले २.१ मीटर. म्हणजे सात फुटांनाही थोडे कमी. छताला पंखा लावला आणि त्याची पाती छतापासून ३० सेंटिमीटर खाली आली, तर ती फरशीपासून १.८ मीटरवर फिरतील. अब्बू सदरा काढायला हात वर करतील आणि पंखा त्यांच्या बोटांना लागेल.

मला वाटते, गॅरेजची सगळी अडचण या एका वजाबाकीत आहे. जमीन उचलली की छत खाली येते. जमीन उचलली नाही, तर पावसाळ्यात अंगणातले पाणी आत येते. हे टाळायला काही लोक उलटे करतात. ते फरशी फोडून आत खोल खणतात आणि उंची मिळवतात. असे कधी करू नये. भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल गेलेली खोली म्हणजे पाण्याचा हौद. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबई, कल्याण, भिवंडी या भागांत ज्यांची घरे सखल होती, त्यांच्या सामानाचे काय झाले ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड या गावांनीही तेच पाहिले. पाणी पहिल्यांदा खालच्या खोलीत येते. आणि खालच्या खोलीत आपण कोणाला ठेवणार आहोत? ज्यांना पळता येत नाही, त्यांना.

मग उपाय काय? तो छतावर अवलंबून आहे. गॅरेजवर पत्रे असतील, तर काम सोपे आहे. पत्रे उतरवायचे, भिंतीवर विटांचे थर चढवायचे आणि नवे छप्पर घालायचे. फरशी ३० सेंटिमीटर उचलून २.७५ मीटर उंची हवी असेल, तर छत ६५ सेंटिमीटर वर न्यावे लागेल. म्हणजे विटांचे साधारण सात-आठ थर. पण खालची भिंत तेवढे वजन घेईल का, हे अभियंत्याला दाखवून घ्यावे; कारण गॅरेजची भिंत पुष्कळदा साडेचार इंचांचीच असते, नऊ इंचांची नसते. स्लॅब असेल, तर काम अवघड होते. स्लॅबवर वरचा मजला असेल, तर ते होणारच नाही. अशा वेळी मोठ्या मनाने मान्य करावे की ही झोपायची खोली होणार नाही. तिथे शिलाई मशीन ठेवा, दिवसा अभ्यास करा, धान्याच्या कोठ्या ठेवा. दादीजानसाठी घरातली दुसरी खोली रिकामी करा आणि त्या खोलीतले सामान इकडे आणा. याला कमीपणा मानायचे कारण नाही. अर्ध्याअधिक घरांत हाच मार्ग बरा असतो.

आपल्या उदाहरणातले गॅरेज दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे, आणि त्यावर पत्रे आहेत, असे धरू. जागा १८० चौरस फूट, म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. संहितेप्रमाणे राहत्या खोलीला निदान ९.५ चौरस मीटर जागा आणि २.४ मीटर रुंदी हवी. इथे ती पुरेशी आहे. फरशी एक फूट उचलायची, तर १८० घनफूट भराव लागेल. आपल्याकडे मुरूम आणि वाळू 'ब्रास'मध्ये मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे १.८ ब्रास मुरूम. पण मुरूम चोपला की दबतो, म्हणून थोडा जास्त मागवावा लागतो. आणि सगळा भराव एकदम टाकून वरून चोपला, तर वरचा थर घट्ट होतो, खालचा भुसभुशीत राहतो. सहा इंचांचा थर टाकावा, पाणी मारावे, चोपावा, मग दुसरा थर टाकावा. जो मिस्त्री याची घाई करतो, त्याची फरशी दोन वर्षांत खचते.

भराव टाकण्याआधी जुन्या फरशीकडे नीट पाहा. गॅरेजची फरशी सपाट नसते. धुतलेल्या गाडीचे पाणी बाहेर जावे म्हणून तिला दाराकडे उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. गवंडी तो कसा ओळखतो, ठाऊक आहे? त्याच्याकडे एक लांब, पारदर्शक रबरी नळी असते. तो तिच्यात पाणी भरतो. एक टोक या भिंतीला, दुसरे टोक त्या भिंतीला धरतो. नळी मध्ये कितीही वाकडीतिकडी असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबते. तिथे तो पेन्सिलीने खुणा करतो. मग दोन्ही खुणांपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजतो. अंतरात जेवढा फरक, तेवढा उतार. हा नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला टांगलेले वजन वापरतो. त्याला मराठीत 'ओळंबा' आणि उर्दूत 'साहूल' म्हणतात.

फरशीवर इंजिनाच्या तेलाचे काळे डाग असतील, तर तेवढा भाग छिन्नीने खरवडून काढावा. तेल प्यायलेल्या काँक्रीटला नवा माल चिकटत नाही आणि त्याचा वासही जात नाही.

आता ओलीविषयी. 'ओल' म्हणजे नमी, सीलन. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, तसे विटेच्या बारीक छिद्रांतून जमिनीतले पाणी वर चढते. भिंतीच्या खालच्या भागावर पांढरी भुकटी येते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्याला लोणा लागणे म्हणतात. चांगल्या घराच्या जोत्यावर पाणी अडवणारा एक थर घातलेला असतो. गॅरेज बांधताना मात्र पुष्कळ जण तो खर्च वाचवतात.

तुमच्या गॅरेजच्या जमिनीतून ओल येते की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. हात-दोन हात लांबीरुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. तो कोरड्या फरशीवर पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी उचलून पाहा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा त्याखालची फरशी काळपट झाली असेल, तर पाणी जमिनीतून येत आहे. ही परीक्षा पावसाळ्यात करावी. मे महिन्यात मालेगावला किंवा अकोल्याला कोणतीही फरशी कोरडीच निघेल. त्यावर विसंबून खोली बांधली, तर ऑगस्टमध्ये गादी ओली होईल.

ओल असेल तर भरावावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद पसरतात आणि त्यावर काँक्रीट टाकतात. कागदाच्या कडा भिंतीला लागून वर वळवाव्या लागतात. कागदाला चालता-फिरता भोक पडले, तर पाणी नेमके ते भोक शोधते. म्हणून त्या दिवशी लहान मुलांना कामाच्या जागी येऊ देऊ नये. नुसता महागडा रंग लावून ओल थांबत नाही. ती रंगाच्या मागे लपते. ओलसर भिंतीवर बुरशी येते आणि ज्यांना दमा आहे, त्यांचा त्रास तिने वाढतो. दादीजानला तुम्ही खोली देत आहात की खोकला, हे या एका थरावर ठरते.

आता हवा आणि उजेड. गॅरेजला एकच तोंड असते, रस्त्याकडचे. बाटलीत फुंकर मारली तर हवा पुढे जात नाही. तिला बाहेर पडायला दुसरी वाट लागते. तसेच खोलीचे आहे. समोरासमोरच्या किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींत खिडक्या असल्या, तर वारा खेळतो. खिडक्या किती मोठ्या असाव्यात, हेही संहितेत दिले आहे, आणि मला आवडणारी गोष्ट अशी की त्यात हवामानाचा विचार केला आहे. कोरड्या, उष्ण भागात फरशीच्या क्षेत्रफळाचा दहावा भाग खिडक्यांना द्यावा. दमट, उष्ण भागात सहावा भाग द्यावा. दार यात मोजायचे नाही. आपल्या १८० चौरस फुटांच्या खोलीला कोरड्या विदर्भात १८ चौरस फूट खिडक्या पुरतील. तीच खोली रत्नागिरीत असेल, तर ३० चौरस फूट लागतील. चार फूट बाय चार फुटांच्या एका खिडकीचे क्षेत्रफळ १६ चौरस फूट होते. मग कुठे किती खिडक्या लागतील, ते तुम्हीच काढा.

पुष्कळ लोक जुने लोखंडी शटर तसेच ठेवतात आणि त्याला आतून पडदा लावतात. हे धोक्याचे आहे. शटर अडकते. रात्री आग लागली, तर म्हातारे माणूस ते वर उचलू शकत नाही. शटर काढून तिथे भिंत बांधावी. तिच्यात साधे, आतून सहज उघडणारे दार आणि एक खिडकी बसवावी. वीजही तशीच ठेवू नये. गॅरेजला एका दिव्यापुरती तार आणलेली असते. तिच्यावरच पंखा, इस्त्री आणि पाण्याचा हीटर लावला, तर तार तापते. वेगळी तार, चांगले अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण, एवढे हवेच.

यापेक्षाही मोठा धोका अर्ध्या बदलात आहे. पुष्कळ घरांत गॅरेजमध्ये पलंग टाकतात आणि रात्री चोरीच्या भीतीने मोटारसायकलही तिथेच उभी करतात. सकाळी थंडीत गाडी सुरू होत नाही, म्हणून आतच इंजिन चालू ठेवतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि जीव जातो. इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तो ठिणगीने पेटतो. विजेवर चालणारी स्कूटर माणसे झोपतात त्याच खोलीत रात्रभर चार्जिंगला लावणेही योग्य नाही. एकदा पलंग आत आला की गाडी, पेट्रोलचा डबा आणि बॅटरी बाहेर गेली पाहिजे. यात तडजोड नाही.

वर पत्रे आहेत, असे आपण धरले. ते लोखंडाचे आहेत की सिमेंटचे, हे आधी पाहा. जुन्या, राखाडी रंगाच्या, पन्हाळीदार सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात. पत्रा नुसता वर पडून असला, तर धोका थोडा असतो. पण तो कापला, फोडला किंवा त्याला भोके पाडली, तर हे बारीक तंतू धुळीत मिसळतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यांच्यामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. असे पत्रे ओले करून, न फोडता, अखंड खाली उतरवावेत. त्या वेळी घरातल्या मुलांनी दूर राहावे आणि पडलेले तुकडे कोरड्या झाडूने झाडू नयेत. मजुरांनाही हे सांगणे आपले काम आहे. पुष्कळदा त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

एवढे सगळे झाले तरी एक दार अजून ठोठवायचे आहे. ते म्हणजे नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे. तुम्ही म्हणाल, "घर आमचे, गॅरेज आमचे, मग परवानगी कशाला?" महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. त्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ केवळ नवे बांधकाम असा नाही. इमारतीच्या वापरात मोठा बदल करणे हाही विकासच. म्हणून परवानगी लागते. ती न घेता केलेले काम पाडून टाकण्याची नोटीस येऊ शकते आणि शिक्षाही होऊ शकते.

यामागे कारण आहे. गावोगावी घराच्या भोवती काही जागा मोकळी सोडावी लागते. तिला 'सामासिक अंतर' असे जड नाव आहे. तुमच्या वहीच्या पानाला समास असतो ना? तसाच हा जमिनीचा समास. त्यातून शेजाऱ्याला हवा मिळते आणि अग्निशमन दलाच्या माणसांना आत येता येते. गॅरेज ठेंगणे असते आणि त्यात कोणी राहत नाही, म्हणून काही ठिकाणी ते या समासात बांधू देतात. त्याची खोली करून भिंती उंचावल्या की शेजाऱ्याची हवा अडते. दुसरे असे की एका भूखंडावर किती बांधकाम करावे याला मर्यादा असते. वाहनांसाठी ठेवलेली जागा त्या हिशेबातून बहुधा वगळतात. तिथे माणूस राहायला आला, की ती हिशेबात धरली जाते. मर्यादा आधीच संपली असेल, तर परवानगी मिळत नाही.

इमारतीत फ्लॅट असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखाली जी मोकळी जागा असते, ती गॅरेज नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका खटल्यात असा निर्णय दिला की अशी वाहनतळाची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही. मग आपल्या गाडीभोवतीच्या चार खांबांना विटा लावून खोली करणे तर दूरच राहिले.

सगळ्या जगात नियम असेच कडक आहेत, असे मात्र नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरांची फार टंचाई आहे. लॉस एंजेलिस शहरात गरीब कुटुंबे अनेक वर्षे परवानगीशिवाय गॅरेजांत राहत होती. शेवटी राज्याने वेगळा विचार केला. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यांनी घराच्या आवारात दुसरे छोटे घर करणे सोपे केले. २०२० पासून तर असा नियम झाला की अशा छोट्या घरासाठी गॅरेज वापरले, तर त्याच्या बदल्यात मोटारीसाठी दुसरी जागा दाखवण्याची सक्ती शहराला करता येणार नाही. मोटार रस्त्यावर उभी राहिली तरी चालेल, माणूस घरात राहिला पाहिजे, असे त्या राज्याने ठरवले. पण खिडकी, वीज आणि आगीपासून बचाव यांचे नियम तिथेही सुटलेले नाहीत. आपल्याकडे रस्ते अरुंद आहेत. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी गॅरेजे बंद केली आणि दहा गाड्या गल्लीत आल्या, तर रुग्णवाहिका आत कशी येणार? म्हणून तिथला नियम इथे जसाच्या तसा आणावा, असे मला वाटत नाही. मात्र ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याला अर्ज केल्यावर लवकर आणि सरळ उत्तर मिळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता समजा, परवानगी मिळाली, भराव झाला, छत वर गेले. आत राहणार कोण, याचा विचार करून शेवटचे काम करावे. दादीजानसाठी रस्त्याकडच्या दारापेक्षाही महत्त्वाचे दार दुसरेच आहे. गॅरेज आणि घर यांच्या मधल्या भिंतीत दार पाडून घ्यावे. ते नसेल, तर दादीजानला घरात यायला अंगणातून, पावसातून फिरून यावे लागेल. रात्री त्यांनी हाक मारली, तर कोणाला ऐकू जाणार नाही. मधले दार नसलेली खोली कितीही सुंदर असली तरी ती दादीजानला घराबाहेर ठेवते. या दाराला उंबरठा, म्हणजे दहलीज, ठेवू नये, पाय अडखळतो. भिंत फोडताना वरच्या भागाला आधार द्यावा लागतो, म्हणून तेही अभियंत्याला विचारूनच करावे.

फरशी गुळगुळीत नको, खरखरीत हवी. एका कोपऱ्यात वुजूसाठी कमी उंचीचा नळ आणि बसायला पक्का कट्टा करावा, आणि तेवढ्याच भागाला पाणी जाण्यापुरता उतार द्यावा. शौचालय जोडायचे असेल, तर नळाच्या पाइपाला साधारण चाळीस फुटांमागे एक फूट उतार लागतो. गॅरेज सखल असते आणि गटाराचा चेंबर कधी कधी त्याच्याच पातळीवर असतो. मग मोठ्या पावसात घाण पाणी उलट आत येते. फरशी उचलण्याचे हेही एक कारण आहे. पलंगाची जागा भिंती बांधण्याआधी ठरवावी. आपल्या भागात किब्ला पश्चिमेकडे आहे. पाय तिकडे होऊ नयेत, डोक्यावर थेट वारा येऊ नये आणि पलंगावरून मधले दार दिसावे, या तिन्ही गोष्टी दहा फूट रुंदीत बसवायला कागदावर नकाशा काढावा लागतो. नकाशा काढताना एकदा दादीजानलाही विचारा. खिडकीतून त्यांना अंगणातला लिंब दिसायला हवा की रस्त्यावरची वर्दळ, हे आपण परस्पर ठरवू नये. कित्येक म्हाताऱ्या माणसांना वर्दळच आवडते.

खिडकीचा कट्टा फरशीपासून दोन फुटांवर ठेवला, तर पलंगावर बसूनही बाहेरचे दिसते. बाहेरून जाळी लावावी. ती आतून उघडता येईल अशी असावी.

स्वाध्याय

१. गॅरेजचे जोते आणि राहत्या घराचे जोते यांच्या उंचीत किती फरक असतो? तो का असतो?
२. तुमच्या वर्गखोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ काढा. ते फरशीच्या क्षेत्रफळाचा कितवा भाग आहे?
३. बारा फूट बाय पंधरा फुटांच्या गॅरेजची फरशी एक फूट उचलायला किती ब्रास मुरूम लागेल?
४. पुढील मराठी शब्दांना उर्दू शब्द लिहा आणि प्रत्येक मराठी शब्द वाक्यात वापरा : ओल, उंबरठा, जोते, ओळंबा.
५. तुमच्या घराशेजारी एकाने गॅरेजमध्ये भाडेकरू ठेवला आहे आणि मोटारसायकलही तिथेच उभी असते. त्यांना समजावून सांगणारे आठ-दहा वाक्यांचे पत्र मराठीत लिहा.